‘पांढरपेशा’ आणि ‘मध्यमवर्गीय’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतील का?

मुद्रितशोधक (प्रश्न)

एका दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखाचे संपादन सध्या माझ्याकडे आहे. मुंबईच्या गिरणगावात गेल्या चार दशकांत झालेला बदल हा लेखाचा विषय आहे. लेखकाने ‘मध्यमवर्ग’ आणि ‘पांढरपेशा’ हे दोन शब्द, बहुधा पुनरुक्ती टाळण्यासाठी, आलटूनपालटून वापरले आहेत आणि त्यामुळे दोन वाक्यांपाशी मी अडलो आहे. पहिले वाक्य असे आहे : ‘१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील मध्यमवर्ग देशोधडीला लागला.’ दुसरे असे : ‘गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत पांढरपेशे राहायला आले.’ पहिल्या वाक्यात लेखकाला गिरणी कामगार अभिप्रेत आहेत, हे पुढच्या मजकुरावरून स्पष्ट होते. दुसऱ्या वाक्यातले लोक कोट्यवधींची घरे घेणारे आहेत.

माझ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की ‘पांढरपेशा’ हा इंग्रजीतील ‘व्हाइट कॉलर’चा अनुवाद आहे आणि आता तो शिळा झाला आहे, तेव्हा सगळीकडे ‘मध्यमवर्ग’च करावा. दुसऱ्या सहकारी बाईंना तो शब्द जातिवाचक वाटतो, म्हणून तो नको. मला स्वतःला दोन्ही शब्द वेगळे वाटतात, पण नेमका फरक कोठे आहे हे लेखकाला पटेल अशा रीतीने सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. उत्पन्नाची काही ठरलेली रेषा असेल तर तीही सांगावी.


काळीचा माणूस

अनुवादाच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर सर्वांत सोपे आहे. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘पांढरपेशा’ सापडतो, आणि इंग्रजीत ‘व्हाइट कॉलर’ रूढ झाले ते विसाव्या शतकात. शिवाय ज्या काळी हा शब्द मराठीत वावरत होता, त्या काळी तो ज्यांना लावला जाई त्यांच्या अंगात बाराबंदी असे, आणि बाराबंदीला कॉलर नसते.

शब्दाचा उत्तरार्ध ‘पेशा’, म्हणजे व्यवसाय, फारसीतून आलेला आहे. फारसीत ‘सफेदपोश’ असाही शब्द आहे. त्यातला ‘पोश’ म्हणजे ल्यालेला, पांघरलेला. ‘पोश’ आणि ‘पेशा’ हे शब्द निराळे असले तरी दोन्हीकडे कल्पना एकच आहे : ज्याचे काम असे आहे की दिवसअखेरीस त्याचे कपडे पांढरेच राहतात, तो. चिखलात, भट्टीपाशी किंवा ढोरामागे राबणाऱ्याला परीटघडी सांभाळता येत नाही. ती ज्याला सांभाळता येते, किंबहुना जो ती सांभाळण्यासाठी घरात दुसरे काही कमी पडू देतो, तो पांढरपेशा.

येथे खेड्यातील एका जुन्या जोडीची आठवण ठेवावी. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानत. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि घरांची जागा, म्हणजे गावठाण, ती ‘पांढरी’. पांढरीत राहणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या पट्टीला पांढरीपट्टी म्हणत. ‘पांढरपेशा’ हा शब्द वस्त्रावरूनच आला असे मी मानतो. परंतु ज्या समाजात काळी आणि पांढरी हे शब्द रोजच्या बोलण्यात होते, तेथे काळीत न उतरता पांढरीत बसून पोट भरणारा, अशी अर्थाची छटा त्याला चिकटली नसती तरच नवल.

आता खरा मुद्दा. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत (कुलाबा म्हणजे आजचा रायगड) हा शब्द नुसता बोलीतला नव्हता, तो महसुलाच्या दप्तरातला होता. १८८० च्या दशकात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत तेथील जमीनधारकांमध्ये पांढरपेशे आणि कुणबी असा भेद केलेला आढळतो. पांढरपेशांना शेतसाऱ्याचा दर सवलतीचा असे, आणि त्याचे समर्थन असे की हे लोक स्वतः नांगर धरत नाहीत, त्यांना गडी लावावे लागतात, म्हणून त्यांचा खर्च अधिक. म्हणजे बघा : दोघांकडेही जमीन आहे, दोघेही भातच पिकवतात, कदाचित दोघांच्या घरात येणारे भातही सारखेच असेल, तरी एक पांढरपेशा आहे आणि दुसरा नाही. येथे उत्पन्नाचा प्रश्नच नाही. औताची मूठ कोणाच्या हातात आहे, एवढाच प्रश्न आहे, आणि ज्याच्या हातात ती नाही त्यालाच वर सवलत मिळते.

यावरून दुसरीही एक गोष्ट निघते. पांढरपेशा हा गरीब असू शकतो, आणि पुष्कळदा असतच असे. वार लावून जेवणारा विद्यार्थी, माधुकरी मागणारा मुलगा, चार घरचा स्वयंपाक करून मुलांना शिकवणारी विधवा, दहा रुपयांवर शाळेत शिकवणारा मास्तर ही सर्व पांढरपेशी माणसे होती. ‘पांढरपेशी गरिबी’ असा शब्दप्रयोग आपल्याकडे सहज होतो आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्या गरिबीचे वागणे असते. ‘मध्यमवर्गीय गरिबी’ असे मात्र कोणी म्हणत नाही, कारण ‘मध्यम’ म्हटले की गरिबी खाली राहिली, असे आपण गृहीत धरतो.

थोडक्यात, ‘पांढरपेशा’ हा माणसाचे श्रमाशी नाते कसे आहे ते सांगतो आणि ‘मध्यमवर्ग’ हा समाजाच्या उतरंडीत त्याची जागा कोठे आहे ते सांगतो. पुष्कळ माणसांना दोन्ही शब्द लागू पडतात, म्हणून ते समानार्थी वाटतात.


परळकर

वरील विवेचन पटले. गिरणगावापुरते थोडे लिहितो, कारण प्रश्न मुळात तेथला आहे.

पहिल्या वाक्यातला ‘मध्यमवर्ग’ चुकीचाच आहे, आणि चूक पगाराच्या आकड्याची नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यांतला कोणीही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवत नव्हता. साचाखात्यातला, म्हणजे मागांवरचा, कायम कामगार महिन्याला किती मिळवतो आणि गिरगावातला कारकून किती मिळवतो यांची तुलना केली, तर काही घरांत कामगाराचे पारडे जड निघाले असते. पण त्याचा दिवस भोंग्यावर चाले, त्याला पाळी असे, त्याला युनियन असे, आणि बदली कामगार असला तर सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून आज काम मिळेल का याची वाट पाहावी लागे. कारकुनाची नोकरी लहान असेल, पण उद्या ती आहे की नाही हा प्रश्न त्याला रोज पडत नसे. माझ्या मते मध्यमवर्गाची खरी कसोटी या ‘उद्या’त आहे.

गिरगाव आणि गिरणगाव ही नावे एका अक्षराने वेगळी आहेत, पण मुंबईच्या मराठी माणसाला तो फरक कधी समजावून सांगावा लागला नाही. गिरगावच्या चाळीत दोन खोल्यांत एक कुटुंब राहत असे. लालबाग, परळ, डिलाईल रोड येथील एका खोलीत गावाकडचे दहा-पंधरा गडी पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. त्यांची बायकामुले कोकणात किंवा घाटावर असत. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी आणि शिवाजी पार्क हे पुन्हा निराळे, कारण तेथे आखून दिलेले रस्ते आणि स्वतंत्र बिऱ्हाडांच्या इमारती आल्या. ही भूगोलाची विभागणी लेखकाने ध्यानात ठेवली तर शब्द आपोआप जागच्या जागी बसतील.

तरीही गिरणीत पांढरपेशे अजिबात नव्हते असे समजू नये. टाइमकीपर, हिशेबनीस, कचेरीतले कारकून हे गिरणीच्याच हजेरीपटावर असत आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. त्यांच्याविषयी लिहिणे क्वचितच झाले आहे. लेखकाला हे कारकून अभिप्रेत असते तर वाक्य ठीक होते, नव्हे, महत्त्वाचे झाले असते.

कामगाराच्या घरातून मध्यमवर्ग तयार झाला, तो पुढच्या पिढीत. महापालिकेच्या शाळेत शिकून मुलगा एस.एस.सी. झाला, टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, टपाल खात्यात, बेस्टमध्ये किंवा बँकेत चिकटला, की त्या घराबद्दल ‘आता ते मध्यमवर्गीय झाले’ असे म्हटले जाई. कोणी ‘पांढरपेशे झाले’ असे म्हणत नसे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली त्या वेळी मराठी तरुणांसाठी जो हक्क मागितला गेला, तो मुख्यतः अशाच कचेरीतल्या नोकऱ्यांवरचा होता, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

एक तिसरा शब्द लेखकाला उपयोगी पडेल : ‘चाकरमानी’. शिमग्याला आणि गणपतीला कोकणात उतरणारा माणूस मग तो मुंबईत साच्यावर उभा राहणारा असो, की मंत्रालयात खुर्चीवर बसणारा असो, गावाच्या लेखी चाकरमानीच. पांढरपेशा आणि कामगार ही मुंबईची विभागणी गावाने मान्य केली नाही. तेथे महत्त्व इतकेच, की याला महिन्याचा पगार आहे आणि हा मनीऑर्डर पाठवतो.

जाता जाता ‘कामगार’ या शब्दाचीही मौज सांगतो. एकोणिसाव्या शतकात ‘कामगार’ म्हणजे सरकारी अधिकारी, अंमलदार. महात्मा फुले यांच्या लेखनात ‘भटकामगार’ आणि ‘गोरे कामगार’ असे शब्द येतात, ते कचेरीतल्या सत्ताधारी नोकरांसाठी. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी ‘कामगार’ हाच शब्द त्या काळच्या पांढरपेशाला लागत होता, आणि पुढे तो गिरणीच्या दारातून आत गेला तो कायमचा तेथलाच झाला.


वहीखाते

उत्पन्नाची रेषा विचारली आहे, म्हणून थोडे आकडे देते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि दर वर्षी विद्यार्थी हाच प्रश्न विचारतात. त्यांना मिळणारे उत्तर समाधानकारक नसते, ते का नसते हे मात्र शिकण्यासारखे आहे.

शासनाच्या शब्दकोशात ‘मध्यमवर्ग’ हा शब्द नाही. तेथे ‘मध्यम उत्पन्न गट’ आहे. म्हाडाच्या सोडतीचा अर्ज ज्यांनी भरला आहे त्यांना अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च हे चार गट तोंडपाठ असतात, आणि वांद्रे पूर्वेच्या एका वसाहतीचे तर ‘एमआयजी (मिडल इन्कम ग्रुप) कॉलनी’ हेच नाव पडले आहे. परंतु या गटांच्या मर्यादा योजनेप्रमाणे बदलतात. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१७ साली व्याजसवलतीसाठी जे गट केले, त्यांत वर्षाला सहा ते बारा लाख रुपये हा मध्यम उत्पन्नाचा पहिला गट आणि बारा ते अठरा लाख हा दुसरा गट होता. त्याच योजनेच्या २०२४ मधील दुसऱ्या टप्प्यात मध्यम गट सहा ते नऊ लाखांवर आणला गेला. म्हणजे वर्षाला पंधरा लाख मिळवणारे कुटुंब आधी मध्यम होते, नंतर राहिले नाही, आणि दरम्यान त्याच्या घरात काहीही घडलेले नव्हते.

‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ या शब्दांची गोष्ट याहून विलक्षण आहे. आवास योजनेत हा घटक वर्षाला तीन लाखांपर्यंतचा. मात्र २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर ज्या दहा टक्के आरक्षणाची तरतूद झाली, त्यात याच नावाच्या घटकाची मर्यादा कुटुंबाच्या आठ लाखांपर्यंत जाते. इतर मागासवर्गीयांसाठीची नॉन क्रीमी लेअरची मर्यादाही २०१७ पासून आठ लाखच आहे. तेव्हा साडेसात लाख उत्पन्नाचे एखादे कुटुंब प्रवेशाच्या अर्जात दुर्बल ठरू शकते आणि घराच्या अर्जात मध्यम. दोन्ही दाखले तहसील कार्यालयातल्या एकाच खिडकीवरून काढलेले असतात.

आणि आयकराकडे वळलो तर रेषा आणखी वर सरकते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागणार नाही, असे ठरले. पगारदारांना पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. या निर्णयाचे वर्णन सगळीकडे ‘मध्यमवर्गाला दिलासा’ असे झाले. शिवाय कर माणशी असतो आणि आरक्षण वा घर यांची मर्यादा कुटुंबाची असते. नवरा-बायको दोघेही बारा-बारा लाख मिळवत असतील तर त्या घराला चोवीस लाखांवर कर नाही, आणि तेही मध्यमवर्गीय घर म्हणूनच वृत्तपत्रांत झळकते.

संशोधकांनीही आपापल्या रेषा आखल्या आहेत. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेने २००१-०२ च्या किमतींना वर्षाला दोन ते दहा लाख रुपये मिळवणारे कुटुंब मध्यमवर्गीय धरले होते. त्या वर्षी दोन लाख ही लहान रक्कम नव्हती. त्या रेषेने आपल्याकडची बहुतेक कारकून मंडळी खालीच राहिली असती.

माझा निष्कर्ष असा की मराठीत ‘मध्यमवर्गीय’ हे उत्पन्नाचे वर्णन फारच थोड्या वेळा असते, बहुतेक वेळा ते स्वतःविषयीचे निवेदन असते. श्रीमंत माणूस विनय म्हणून आणि गरीब माणूस अब्रू म्हणून ‘आम्ही आपले मध्यमवर्गीय’ असे सांगतो. म्हणून कोणी स्वतःला काय म्हणवतो, यावर संपादकाने विसंबू नये. लेखकाला उत्पन्न सांगायचे असेल तर त्याने सरळ आकडा द्यावा, गट सांगायचा असेल तर कोणत्या योजनेतला तो सांगावा.


मोंढ्याचा रस्ता

जातीचा मुद्दा वर निसटून गेला आहे, म्हणून लिहितो. त्या सहकारी बाई चुकीचे बोलत नाहीत. ‘पांढरपेशा’ हा शब्द जातीचे नाव नाही, हे खरे; पण दीर्घकाळ तो ज्यांना लावला गेला त्या जाती मोजक्या होत्या : ब्राह्मण, प्रभू, शेणवी आणि लेखणीवर जगणारे आणखी काही. आजही हा शब्द उच्चारला की पुण्याची सदाशिव पेठ डोळ्यांपुढे येते, औरंगाबादचा उस्मानपुरा येत नाही.

याचा पुरावा भाषेतच आहे. ‘दलित मध्यमवर्ग’ हा शब्दप्रयोग चांगला रुळलेला आहे, त्यावर परिसंवाद होतात, भांडणे होतात. ‘दलित पांढरपेशा’ असे मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. वास्तविक पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयातून १९४६ नंतर आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून १९५० नंतर जे पदवीधर बाहेर पडले, ते बँकांत गेले, सचिवालयात गेले, विमा कंपनीत गेले, प्राध्यापक झाले. ‘काळीचा माणूस’ यांच्या व्याख्येप्रमाणे ते पूर्णपणे पांढरपेशे आहेत. तरी शब्द त्यांना चिकटला नाही, कारण त्यांचे शरीरश्रम सुटले ते त्यांच्याच पिढीत, आणि ‘पांढरपेशा’ म्हणजे ज्याच्या घरात ते कधीच नव्हते तो. या वर्गाशी दलित चळवळीचे नातेही सोपे नाही. शिकलेले लोक आपल्या समाजाकडे पाठ फिरवतात, ही खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या भाषणात व्यक्त केली होती आणि ती आजही सभांमधून सांगितली जाते. पण त्या शिकलेल्यांनासुद्धा कोणी पांढरपेशे म्हणत नाही.

ग्रामीण भागाचेही तसेच आहे. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावोगाव शिक्षक, ग्रामसेवक, विस्तार अधिकारी अशा पगारी नोकऱ्यांचे जाळे पसरले. आमच्या मराठवाड्यातला मध्यमवर्ग मुख्यतः या नोकऱ्यांनी घडवला. गुरुजी आठवडाभर परीटघडीत असतात आणि रविवारी रानात पाभर धरतात. त्यांना पांढरपेशे म्हणावे, तर रविवारी काय म्हणावे?

माझे मत असे की आजच्या माणसांसाठी हा शब्द वापरू नये. ‘नोकरदार’ हा स्वच्छ शब्द उपलब्ध आहे.


काळीचा माणूस

‘मोंढ्याचा रस्ता’ यांचे ‘दलित मध्यमवर्ग’विषयीचे निरीक्षण मोलाचे आहे आणि माझ्या व्याख्येत त्यामुळे भर पडते : श्रमाशी नाते केवळ आजचे नव्हे, पिढ्यांचे. परंतु त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या शब्दात जातीचा इतिहास साठलेला आहे तो शब्द काढून टाकला की इतिहासही लेखातून निघून जातो आणि जागेवर उरतो तो ‘मध्यमवर्ग’, जो कोणालाच टोचत नाही. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले, ज्यांत रानडे आणि भांडारकर होते. तेव्हापासून पुढच्या अर्धशतकातील कचेऱ्या, शाळा, वकिली आणि वृत्तपत्रे यांविषयी लिहिताना ‘पांढरपेशा’ हाच अचूक शब्द आहे. त्या काळच्या त्या समाजाला ‘मध्यमवर्ग’ म्हणणे म्हणजे तो सर्व जातींना खुला होता असे सुचवणे.

‘नोकरदार’ने सगळे भागत नाही. वकील, वैद्य, भिक्षुक, पत्रकार हे नोकरदार नव्हेत, पण पांढरपेशे आहेत. उलट कारखान्यात पाळीवर जाणारा कायम कामगार नोकरदार आहे, पांढरपेशा नाही.

आजच्या भाषेत हा शब्द जिवंत आहे, तो ‘पांढरपेशी गुन्हेगारी’ या प्रयोगात. येथे मात्र त्याचा अर्थ खरोखरच इंग्रजीवरून आला आहे. बँक बुडवणारा संचालक कोट्यधीश असतो. जुन्या अर्थाने त्याला पांढरपेशा कोणी म्हटले नसते, सावकार म्हटले असते. तेव्हा मुद्रितशोधक यांचे सहकारी अगदीच निराधार बोलत नव्हते : शब्द अनुवाद नाही, पण त्याचा एक उपयोग अनुवादित आहे.


मुद्रितशोधक

सर्वांचे आभार. लेखकाशी बोलणे झाले. पहिल्या वाक्यात ‘गिरणी कामगार आणि गिरण्यांच्या कचेऱ्यांतील कारकून’ अशी दुरुस्ती त्यांनी मान्य केली, आणि कारकुनांवर एक परिच्छेद वाढवण्याचेही कबूल केले. दुसऱ्या वाक्यातील ‘पांढरपेशे’ काढून ‘उच्च पगाराचे नोकरदार आणि व्यावसायिक’ असे केले आहे. ‘नवश्रीमंत’ हा शब्द सुचला होता, पण त्यात लेखकाला नको असलेली टीका येते.

आणखी दोन बारीक शंका आहेत. लेखात एके ठिकाणी फ्रेंच राज्यक्रांतीचा उल्लेख करून ‘तेथील मध्यमवर्गाने सत्ता घेतली’ असे म्हटले आहे. ते ठेवावे का? आणि ‘निम्न मध्यमवर्गीय वर्ग’ हा प्रयोग शुद्ध आहे का?


वहीखाते

फ्रान्सविषयीचे वाक्य दुरुस्त करावे असे मला वाटते. तेथे मूळ शब्द ‘बूर्झ्वा’ आहे. हे लोक मध्यम होते ते सरदार-धर्मगुरू आणि शेतकरी-मजूर यांच्या मध्ये होते म्हणून. त्यांत सावकार, व्यापारी, जहाजांचे मालक आणि वकील होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना ‘मध्यमवर्ग’ म्हणण्याची प्रथा पडली आहे आणि त्यामुळे मराठी वाचकापुढे डबा घेऊन लोकल पकडणारा माणूस उभा राहतो, ज्याने बास्तीय (पॅरिसमधला तुरुंग) पाडली असेल यावर विश्वास बसत नाही. दुसरीकडे मार्क्सवादी लेखनात त्याच शब्दासाठी ‘भांडवलदार वर्ग’ येतो, तो नंतरच्या काळाला लागू पडतो, १७८९ ला नीटसा नाही. माझ्या मते ‘बूर्झ्वा’ तसाच ठेवून ‘व्यापारी, सावकार आणि वकील यांचा वर्ग’ असा खुलासा एकदा करावा. त्यानंतर वाचक अडत नाही.


परळकर

‘मध्यमवर्गीय वर्ग’ ही द्विरुक्ती आहे. ‘मध्यमवर्ग’ हे समूहाचे नाव आणि ‘मध्यमवर्गीय’ हे त्यातल्या माणसाचे किंवा वस्तूचे विशेषण. वर्ग शब्दात आधीच आला आहे. ‘निम्न’ हा हिंदीच्या वळणाने आलेला आहे, मराठीत ‘कनिष्ठ मध्यमवर्ग’ हा प्रयोग जुना आणि रुळलेला आहे. आणि लेखात ‘पांढरपेशा’ कोठे उरला असेल तर त्याची रूपे तपासून घ्यावीत : पांढरपेशा समाज, पांढरपेशे लोक, पांढरपेशी वस्ती, पांढरपेशांची घरे. ‘पांढरपेशीय’ असे रूप अलीकडे वृत्तपत्रांत दिसू लागले आहे, ते ‘मध्यमवर्गीय’च्या अनुकरणाने तयार झालेले आहे आणि त्याची गरज नाही.